लहान ग्रामीण प्राथमिक शाळेतील मनःस्वास्थ्य व शाळाप्रमुखाचे नेतृत्व : कोहमारा परिसराच्या अनुषंगाने काही विचार

१. प्रास्ताविक

आपल्याकडील शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात मनःस्वास्थ्य हा विषय बहुधा शैक्षणिक मानसशास्त्राच्या अखेरच्या प्रकरणात येतो, तर नेतृत्व हा विषय शालेय व्यवस्थापनाच्या पुस्तकात येतो. ह्या दोहोंची भेट क्वचितच घडते. शिवाय दोन्ही विषय शिकविताना शिक्षकाच्या व विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे जी शाळा उभी असते ती बहुतेक वेळा शहरातील असते. तिला स्वतंत्र मुख्याध्यापक असतो, प्रत्येक इयत्तेला वेगळा शिक्षक असतो, आणि प्रसंगी समुपदेशकही असतो. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांपैकी पुष्कळ शाळांचे चित्र ह्याहून अगदी निराळे आहे. २०२३ साली राज्यातील वीसपेक्षा कमी पटसंख्येच्या शाळांचा हिशेब शासनाने मांडला, तेव्हा अशा शाळांची संख्या १४ हजारांहून अधिक भरली. अशा शाळेत मुलांच्या मनःस्वास्थ्याची काळजी कोणी, कशी आणि कोणत्या मर्यादेपर्यंत वाहावयाची, ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून गोंदिया जिल्ह्यातील कोहमारा व त्याच्या आसपासची गावे डोळ्यांपुढे ठेवली आहेत. प्रस्तुत लेख एखाद्या विशिष्ट शाळेच्या पाहणीवर आधारलेला नाही. त्या परिसरातील जीवनक्रम, शाळाविषयक कायदे व नियम आणि उपलब्ध संशोधन ह्यांची सांगड घालून काही निष्कर्ष काढण्याचा हा प्रयत्न आहे. लेखात येणारी मुलाची उदाहरणे विवेचनाच्या सोयीसाठी कल्पिलेली आहेत.

२. संज्ञांचा अर्थ

मनःस्वास्थ्य म्हणजे केवळ मनोविकाराचा अभाव नव्हे, हे आता सर्वमान्य झाले आहे. सहा ते अकरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत त्याचा अर्थ साध्या शब्दांत सांगावयाचा तर असा : मूल भीतीवाचून शाळेत येते, चुकले तरी पुन्हा प्रयत्न करते, त्याला एक तरी मित्र व एक तरी विश्वासाचे मोठे माणूस असते, रागावले वा दुखावले तरी काही वेळाने ते सावरते, आणि आपण ह्या शाळेचे आहोत असे त्याला वाटते. ह्यांपैकी एकही गोष्ट औषधाने अथवा व्याख्यानाने साधणारी नाही. मात्र शाळेच्या रोजच्या व्यवहाराने ती बिघडू शकते अथवा सुधारू शकते.

ह्या वयाकडे लक्ष देण्याचे कारणही स्पष्ट आहे. प्रौढपणी आढळणाऱ्या मानसिक विकारांपैकी सुमारे निम्म्यांचा आरंभ वयाच्या चौदाव्या वर्षापूर्वी झालेला असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना उपचारयोग्य विकार असल्याचे आढळले. ह्या वयाला पोहोचण्यापूर्वीची पाच वर्षे मूल प्राथमिक शाळेत काढते.

नेतृत्व ह्या शब्दाने येथे अधिकारपद अभिप्रेत नाही. शाळेत कोणत्या गोष्टीला महत्त्व द्यावयाचे, कोणती गोष्ट खपवून घ्यावयाची नाही आणि वेळ अपुरा असताना आधी काय करावयाचे, हे जो ठरवितो व स्वतःच्या वागण्याने दाखवून देतो, तो त्या शाळेचा नेता होय.

३. कोहमारा परिसरातील मुलाचे जग

कोहमारा हे सडक अर्जुनी तालुक्यातील गाव मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. ह्या महामार्गाचा क्रमांक पूर्वी ६ होता, आता ५३ आहे. येथून एक रस्ता गोरेगावमार्गे गोंदियास जातो, तर दुसरा नवेगावबांधच्या दिशेने. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. धान, तलाव आणि जंगल ही ह्या भागाची ओळख होय. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली घोषित झाला, तोही ह्याच परिसरात पसरलेला आहे. म्हणजे कोहमाऱ्याच्या आसपासच्या मुलाच्या एका हाताला अवजड मालमोटारींची अखंड रहदारी आहे आणि दुसऱ्या हाताला वन्य श्वापदांचे रान आहे. शाळेच्या वाटेवरची भीती हा येथे पुस्तकी विषय नव्हे.

ह्या मुलाचे वर्ष शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही; ते धानाच्या व जंगलाच्या वेळापत्रकाप्रमाणे चालते. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की घरातील बाया दिवसभर बांधीत असतात आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम सात-आठ वर्षांच्या मुलीकडे येते. दिवाळीच्या सुमारास कापणी येते व त्यानंतर गावोगावच्या मंडया भरतात. उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुले वेचावयास पहाटेच निघावे लागते आणि पुढे तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. हंगाम सरल्यावर कित्येक घरांतील कर्ती माणसे मजुरीसाठी नागपूरकडे अथवा त्याहून दूर जातात आणि मूल आजीआजोबांपाशी राहते. शाळेच्या हजेरीपत्रकावर ह्या सर्व घडामोडींची नोंद 'गैरहजर' ह्या एकाच शब्दाने होते.

भाषेचा प्रश्न ह्याहून सूक्ष्म आहे. ह्या भागात झाडीबोली बोलली जाते. काही घरांत पोवारी, काही घरांत गोंडी वा हलबी, तर काहींत छत्तीसगढी अथवा हिंदी कानावर पडते. झाडीबोलीत 'पाणी' हे 'पानी' होते आणि 'डोळा' हा 'डोरा' होतो. पहिलीतील मूल आपल्या आईच्या तोंडचा शब्द वर्गात उच्चारते, शिक्षक तो तत्काळ 'शुद्ध' करतात आणि वर्ग हसतो. शिक्षकाच्या दृष्टीने ही उच्चाराची दुरुस्ती असते. मुलाच्या दृष्टीने मात्र आपल्या घरात काहीतरी चुकीचे आहे असा तो निवाडा असतो. असे चार-सहा वेळा घडले म्हणजे मूल बोलणे थांबविते, आणि न बोलणारे मूल शिस्तीचे म्हणून नावाजले जाते. मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने हीच अवस्था अधिक काळजीची होय, कारण दंगा करणारे मूल निदान दिसते तरी.

४. लहान शाळेची घडण : बळ आणि धोका

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असल्यास दोन शिक्षक असावयास हवेत. स्वतंत्र मुख्याध्यापकाची तरतूद दीडशेहून अधिक मुले असतील तेव्हाच लागू होते. ह्याचा सरळ अर्थ असा की लहान शाळेला मुख्याध्यापकच नसतो. दोघांपैकी ज्येष्ठ शिक्षकाकडे प्रभार असतो. तो दोन-तीन इयत्ता एकत्र शिकवितो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, ऑनलाइन माहिती भरतो, सभांना जातो. आणि ह्या सर्वांच्या मध्ये त्याने शाळेचे नेतृत्व करावयाचे असते. मोठ्या शाळेसाठी लिहिलेले नेतृत्वाचे सिद्धान्त येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ते ह्यामुळे.

तरीही लहान आकार हा निव्वळ तोटा आहे असे समजणे चुकीचे ठरेल. रॉजर बार्कर व पॉल गम्प ह्यांनी अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील माध्यमिक शाळांचा अभ्यास करून १९६४ साली मोठी शाळा व लहान शाळा ह्यांची तुलना प्रसिद्ध केली. लहान शाळेत कामे तेवढीच, पण माणसे थोडी असतात. त्यामुळे प्रत्येक मुलाच्या वाट्याला जबाबदारी येते आणि अभ्यासात मागे असलेले मूलही शाळेला हवेसे वाटते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. तो अभ्यास माध्यमिक शाळांचा व परदेशातील असला तरी त्यातील मुद्दा आपल्या द्विशिक्षकी शाळेत सहज पडताळून पाहता येतो. बावीस मुलांच्या शाळेत घंटा देणारा, झाडांना पाणी घालणारा, ताटे मोजणारा, लहानग्यांना वाचून दाखविणारा असे प्रत्येक मूल कोणीतरी असू शकते. 'मी नसलो तर शाळेचे अडेल' ही जाणीव मुलाच्या मनाला फार मोठा आधार देते.

धोका आहे तो दुसऱ्या बाजूस. मोठ्या शाळेत एका शिक्षकाशी पटले नाही तर मुलाला दुसरा शिक्षक असतो, एका गटाने दूर केले तर दुसरा गट असतो. लहान शाळेत अशी पळवाट नसते. एका शिक्षकाचा स्वभाव हेच तेथील हवामान असते, आणि तेच हवामान मुलाला सलग चार-पाच वर्षे सोसावे लागते. म्हणून लहान शाळेत नेतृत्वाच्या गुणदोषांचा परिणाम मोठ्या शाळेहून अधिक गडद होतो.

५. नेतृत्वाची रीत आणि मुलांचे मन

ह्या संदर्भात कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट ह्यांनी आयोवा विद्यापीठात केलेले व १९३९ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग आजही विचारार्ह आहेत. दहा-अकरा वर्षांच्या मुलांची लहान मंडळे स्थापून त्यांना प्रौढ प्रमुख देण्यात आले. काही वेळा प्रमुख हुकूमशाही रीतीने वागे, काही वेळा लोकशाही रीतीने, तर काही वेळा तो मुलांना त्यांच्यावरच सोपवून देई. हुकूमशाही रीतीखाली काही मंडळांत आपसांतील वैर वाढले व एखाद्या दुबळ्या मुलाला सर्वांनी लक्ष्य केले. काही मंडळांत मुले अगदी निमूट व निरुत्साही झाली. प्रमुख खोलीबाहेर गेला की त्यांचे काम थंडावे. लोकशाही रीतीखाली मात्र प्रमुख बाहेर गेला तरी काम चालू राही. केवळ मोकळे सोडलेल्या मंडळांत ना काम नीट झाले ना समाधान लाभले.

द्विशिक्षकी शाळेत शिक्षक सारखा 'खोलीबाहेर' असतो, कारण तो एका इयत्तेला शिकवीत असता दुसऱ्या इयत्तेपुरता तो बाहेरच असतो. म्हणून मुलांना आपले आपण चालविता येणे ही तेथे चैनीची गोष्ट नसून गरज आहे. धाक असेल तर शिक्षकाची पाठ वळताच दुबळ्या मुलाचा छळ सुरू होतो. नियम मुलांनी मिळून ठरविलेले असतील तर मोठी मुले लहानांना सांभाळून घेतात. लोकशाही रीत म्हणजे ढिलाई नव्हे, हेही ह्याच प्रयोगाने दाखविले आहे.

आता एक उदाहरण कल्पू. तिसरीतील एक मुलगी रोवणीच्या दिवसांत बारा दिवस आली नाही. परतल्यावर तिला वर्गासमोर कारण विचारण्यात आले. ती गप्प राहिली. भागाकार पुढे गेला होता. तिला तो उमजेना. पुढे रोज सकाळी तिचे पोट दुखू लागले. येथे शाळाप्रमुखापुढे दोन वाटा असतात. गैरहजेरी हा मुलीचा दोष मानून तिला धाक दाखविणे ही एक. दुसरी अशी की ती परत आल्याच्या दिवशी 'आलीस, बरे झाले' एवढे म्हणावे, चुकलेला भाग चौथीतील एखाद्या मुलीकडून तिला आठवडाभर शिकवावा, आणि पुढील वर्षी रोवणीपूर्वीच पालकांशी बोलून धाकट्या भावंडाला अंगणवाडीत पोहोचविण्याची सोय पाहावी. दुसऱ्या वाटेला पैसा लागत नाही आणि तज्ज्ञही लागत नाही. मात्र तिला अशी दृष्टी लागते, की मुलाच्या वागण्यामागे त्याच्या घरची परिस्थिती असते.

६. कोसबाडचा धडा

ही दृष्टी आपल्याकडे नवीन नाही. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या कार्यात सामील झाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेले. ही गावे आज पालघर जिल्ह्यात आहेत. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली, आणि अंगणवाडीची कल्पना तेथून रुजली. मोठी मुले गुरे राखावयास रानात जातात म्हणून शाळा कुरणावर गेली. तिला कुरणशाळा म्हणू लागले.

मनःस्वास्थ्याचा शब्दही न उच्चारता ह्या दोघींनी त्याचे एक मूलतत्त्व आचरणात आणले. मूल शाळेच्या चौकटीत बसत नसेल, तर प्रथम चौकट तपासावयाची. मुलाला दोष द्यावयाचा नाही. कोहमारा परिसरातील शाळाप्रमुखाला शाळा बांधीवर नेता येणार नाही. वेळापत्रक व सुट्ट्या ह्यांविषयीचे त्याचे अधिकार मर्यादित आहेत. परंतु परिपाठात मुलाला आपल्या बोलीत कालची हकीकत सांगू देणे, मंडईत पाहिलेल्या दंडारीतील एखादा प्रवेश शनिवारी करू देणे, मोहफुलांच्या दिवसांत पहाटेपासून राबलेल्या मुलाला पहिल्या तासाला पेंग आली तर त्याला न हिणविणे, हे सर्व त्याच्या अधिकारातील आहे. घरचा शब्द वर्गात आदराने ऐकला गेला म्हणजे प्रमाण भाषेचा शब्द मूल अधिक निर्भयपणे उचलते. फळ्यावर 'डोरा' आणि 'डोळा' हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी लिहिण्यास कोणाच्या परवानगीची गरज नसते.

७. शिक्षकाकडून किती अपेक्षा करावी?

येथे एका वादग्रस्त मुद्द्याकडे वळणे आवश्यक आहे. जोसेफ डर्लाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या २१३ शालेय उपक्रमांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात २ लाख ७० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा समावेश होता. अशा उपक्रमांनी मुलांचे वर्तन व भावनिक स्थिती सुधारते, अभ्यासातील प्रगतीही वाढते आणि वर्गशिक्षक स्वतः हे काम यशस्वीपणे करू शकतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

ह्याउलट अनुभव आपल्याच देशात आला. गोव्यातील 'संगत' ह्या संस्थेने बिहारमधील नालंदा जिल्ह्यातील शासकीय माध्यमिक शाळांत 'सेहेर' नावाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात आले. चौऱ्याहत्तर शाळांचे तीन गट होते. एका गटात प्रशिक्षण दिलेला, पण व्यवसायाने तज्ज्ञ नसलेला समुपदेशक शाळेचा उपक्रम चालवी; दुसऱ्या गटात तेच काम शाळेतील शिक्षकाकडे होते; तिसऱ्या गटात हा उपक्रम नव्हता. पहिल्या गटात शाळेचे वातावरण सुधारले, खिन्नतेची लक्षणे व दांडगाई कमी झाली. शिक्षकाकडे काम सोपविलेल्या गटात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही.

ह्या दोन निष्कर्षांचा मेळ कसा घालावा? प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही ठिकाणी शिक्षकाकडे सोपविलेले काम एकाच जातीचे नव्हते. डर्लाक ह्यांच्या आढाव्यातील शिक्षक बहुशः वर्गातच, आपल्या नेहमीच्या अध्यापनाचा भाग म्हणून काम करीत होते. नालंद्यातील शिक्षकावर अध्यापनाखेरीज समुपदेशकाची वेगळी भूमिका आली. गुण देणारा, शिस्त लावणारा आणि आधीच कामाने दबलेला माणूस गुपिते ऐकणाराही व्हावा, ही अपेक्षा जड पडली असल्यास नवल नाही. माध्यमिक व प्राथमिक शाळा ह्यांतील अंतर ध्यानात घेऊनही ह्यातून एक व्यावहारिक सूत्र काढता येते : शिक्षकाने आपले नेहमीचे काम निराळ्या वृत्तीने करावे, पण त्याला उपचारकाच्या आसनावर बसवू नये. जे काम त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, त्यासाठी बाहेरचा माणूस शाळेपर्यंत पोहोचविणे हे व्यवस्थेचे कर्तव्य आहे. एखाद्या परिपत्रकाने शिक्षकालाच समुपदेशक म्हणून घोषित केल्याने ते कर्तव्य पार पडत नाही.

८. शाळाप्रमुखाच्या हातातील गोष्टी

वरील मर्यादा मान्य करून, दोन शिक्षकांच्या शाळेचा प्रमुख प्रत्यक्षात काय करू शकतो ते आता क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट शिक्षेची. उपरोक्त अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास बंदी केली आहे. छडी बहुतेक ठिकाणी मागे पडली, तरी टोमणे, टोपणनावे, जातीवरून वा घरच्या दारिद्र्यावरून बोलणे ह्यांचा समावेश मानसिक छळात होतो, ही जाणीव अद्याप पुरती रुजलेली नाही. दोन्ही शिक्षकांनी वर्षारंभी एकत्र बसून आपण कोणते शब्द वापरणार नाही हे ठरवावे, आणि राग अनावर झाल्यास त्या मुलाला दुसऱ्या शिक्षकाकडे सोपवावे. नेतृत्वाचा आरंभ येथून होतो.

दुसरी गोष्ट निरीक्षणाची. एक साधी वही पुरेशी आहे. तीत मुलाचे वर्णन 'मंद', 'हट्टी', 'लाजरा' अशा विशेषणांनी करू नये. काय दिसले, केव्हा दिसले आणि त्यापूर्वी काय घडले होते एवढेच लिहावे. सकाळी वारंवार पोट वा डोके दुखणे, डबा वा ताट तसेच ठेवणे, एकाएकी बोलणे बंद होणे, विनाकारण रडू येणे, पूर्वी येत असलेले आता न येणे, एकट्यानेच बसणे, ही लक्षणे दोन-तीन आठवडे टिकली तर ती महत्त्वाची समजावी. लहान गावात कोणतीही बातमी लपत नाही. म्हणून ही वही कुलुपात राहावी व तिच्यातील मजकूर पारावरच्या गप्पांचा विषय होऊ नये, ह्याची जबाबदारी प्रमुखाचीच आहे.

तिसरी गोष्ट हजेरीची व जेवणाची. महिनावार हजेरी हंगामाशी ताडून पाहिली तर कोणते मूल हंगामामुळे येत नाही आणि कोणते भीतीमुळे, हे निराळे काढता येते. पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसते, कोणाला वगळले जाते, हे दहा मिनिटे शांतपणे पाहिल्यास वर्गात महिनाभरात न कळणारी गोष्ट कळते. पंगत शिक्षकाने स्वतः मोडून पुन्हा मांडावी आणि आपणही त्याच पंगतीत बसावे.

चौथी गोष्ट घराशी असलेल्या नात्याची. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याप्रमाणे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असतात. रोवणीच्या दिवसांत दुपारी बोलाविलेल्या सभेस ह्या स्त्रिया येऊ शकत नाहीत. तीच सभा संध्याकाळी वस्तीवर घेतली तर येतात. पालकांशी बोलताना आरंभ तक्रारीने करू नये. 'तुमचा मुलगा लहानग्यांना फार छान गोष्ट सांगतो' ह्या वाक्याने सुरू झालेले संभाषण 'पण तो हल्ली गप्प का असतो' ह्या प्रश्नापर्यंत सुरळीत जाते.

पाचवी गोष्ट साहाय्य मागण्याची. गावातील आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका आणि २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक ह्यांच्याशी शाळेचा परिचय संकट येण्यापूर्वीच असावा. जिल्हा पातळीवर मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तर संकटग्रस्त बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या कायद्याप्रमाणे माहिती देणे बंधनकारक आहे. तेथे गावाची अब्रू, ओळखीपाळखी ह्यांचा विचार करण्यास वाव नाही. महाराष्ट्रात २०२२ पासून शाळांत सखी सावित्री समिती स्थापण्याचा आदेश आहे. ती कागदावर राहणार की मुलांना माहीत असणार, हे बहुतांशी प्रमुखावरच अवलंबून राहते.

सहावी व बहुधा विसरली जाणारी गोष्ट शिक्षकाच्या स्वतःच्या मनाची. घरापासून दूर, सहकारी एकच, वरिष्ठांचे लक्ष बहुशः माहिती वेळेवर भरली की नाही ह्यापुरते, अशा स्थितीत काम करणारा माणूस लवकर थकतो आणि त्याच्या थकव्याची झळ मुलांना लागते. केंद्राच्या मासिक परिषदेत आकड्यांच्या आढाव्यानंतर अर्धा तास तरी शिक्षकांनी एकमेकांना आपल्या अवघड वाटणाऱ्या एका मुलाविषयी, नाव न घेता, सांगावे. केंद्रप्रमुखाला हे सहज घडवून आणता येईल.

९. समारोप

एमी वर्नर ह्यांनी हवाई बेटांपैकी कावाई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा प्रौढपणापर्यंत मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, आजारपण अशा अनेक आपत्तींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले कर्तबगार व समंजस प्रौढ झाली. त्यांना सावरणाऱ्या गोष्टींत घराबाहेरच्या एखाद्या विश्वासू मोठ्या माणसाचा वाटा मोठा होता, आणि असे माणूस कित्येकदा शिक्षक होते. लहान शाळेच्या शिक्षकाला मुलाचे दारिद्र्य वा पालकांचे स्थलांतर थांबविता येत नाही. त्या मुलाच्या आयुष्यातील ते एक माणूस होणे मात्र त्याला शक्य असते.

२०२३ च्या सप्टेंबरात कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा स्थापण्यासंबंधी प्रस्ताव मागविण्यात आले, तेव्हापासून लहान शाळांच्या भवितव्याची चर्चा बहुधा खर्च व गुणवत्ता ह्या दोनच मापांनी होत आली आहे. सात वर्षांच्या मुलाला महामार्ग ओलांडून अथवा रानवाटेने परगावच्या शाळेत पाठविताना त्याच्या मनावर काय परिणाम होतो, हे तिसरे माप त्या चर्चेत यावयास हवे. त्याचबरोबर लहान शाळा आपोआप मायेची असते असेही गृहीत धरू नये. प्रमुखाच्या वृत्तीने ती मुलाचे दुसरे घर होते, आणि प्रमुखाच्याच वृत्तीने तिची पाच वर्षांची कोठडीही होऊ शकते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे संशोधनास पुष्कळ वाव आहे. एकाच केंद्रातील शाळांची पाच वर्षांची महिनावार हजेरी व धानाचे हंगाम ह्यांचा संबंध. घरी झाडीबोली वा गोंडी बोलणाऱ्या मुलांचे पहिलीतील मौन व त्याचा कालावधी. प्रभारी प्रमुखाच्या दिवसातील अध्यापनाचा व कागदपत्रांचा वाटा. समूहशाळेत गेलेल्या मुलांची मैत्री व गैरहजेरी : ह्यांपैकी कोणताही विषय एखाद्या प्रबंधिकेच्या आवाक्यातील आहे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. लागते ती कोहमाऱ्यासारख्या एखाद्या गावी वर्षभर पुनःपुन्हा जाण्याची आणि मुलांच्या पंगतीत शांतपणे बसण्याची तयारी.